पोलोग्राउंडवर मिळालं

खोटं मी एकदाही बोललो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. "घड्याळ कुठलं हो?" असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, "पोलोग्राउंडवर मिळालं." शंभर टक्के खरं. आता त्या दोन शब्दांना ऐकणाऱ्यांनी घोडे जुंपले, महाराज बसवले आणि माझ्या पणजोबांना लगाम धरायला उभं केलं, त्याला मी काय करणार?

इंदूर न पाहिलेल्यांसाठी एक खुलासा. पोलोग्राउंड म्हटल्यावर डोळ्यांपुढे हिरवळ, पांढऱ्या विजारी आणि दुडकणारे घोडे येत असतील तर ते पुसून टाका. संस्थानी काळात असेल तसं काही. आता नाव राहिलंय, ग्राउंड गेलं. तिथे औद्योगिक वसाहत आहे. पत्र्याच्या शेड, वीज कंपनीचं भलंमोठं ऑफिस, रस्त्याच्या मधोमध उलट्या तोंडाने उभ्या लोडिंग रिक्षा आणि चहाच्या टपऱ्या. घोड्यांपैकी शिल्लक आहे ती मोटारींच्या पाटीवर लिहिलेली हॉर्सपॉवर. अशाच एका शेडमध्ये मी गेली पंचवीस वर्षं स्टोअर सांभाळतो. नट, बोल्ट, गिअर येतात-जातात, मी लिहून घेतो. दर शनिवारी लेथचा लोखंडी भुसा भंगारवाल्याला विकणं हेही माझंच काम.

त्या भंगारवाल्याचं आणि माझं नातं जुनं आहे. पहिल्या दिवसापासून आमचा एकमेकांवर पूर्ण अविश्वास आहे, म्हणूनच ते टिकलं. भुशाला तेल लागलंय असं म्हणून तो शंभर किलोमागे दोन किलो कापतो आणि त्या दोन किलोंसाठी मी त्याच्याशी तासभर भांडतो. अशाच एका शनिवारी, डिसेंबरात, भांडण रंगात आलेलं असताना त्याच्या गल्ल्याशेजारच्या छोट्या काट्यावर मला ते दिसलं. तळहातावर बसेल एवढं खिशातलं घड्याळ. दुधासारखी पांढरी डायल, तिच्यावर केसाएवढी एक चीर, खाली सेकंदाची वेगळी चिमुकली तबकडी. नाव पुसून गेलेलं. फक्त शेवटी 'बॉम्बे' एवढं वाचता येत होतं.

"काय आहे?"

"चांदी हे, भिया."

"चालू आहे?"

"एकदम चालू." त्याने ते कानाशी धरून खुळखुळवलं आणि माझ्या कानाशी आणलं. टिक, टिक, टिक. मग शांतता.

"बंद पडलं की!"

"पण आधी चालू झालं ना? बंद तर नंतर पडलं."

या तर्कावर मी निरुत्तर झालो. निरुत्तर झालेल्या माणसाने निघून जावं. मी भाव विचारला. तो म्हणाला दहा हजार. इथे माझ्यातला खरेदी-कारकून जागा झाला. मी डायल नीट पाहिली आणि आनंदाने ओरडलोच. चारचा रोमन आकडा चुकीचा होता! एक काठी आणि व्ही असा लिहायचा सोडून नुसत्या चार काठ्या उभ्या केल्या होत्या. "हा बघ, नकली माल. स्वित्झर्लंडच्या माणसाला चार लिहिता येत नाही?" भंगारवाला चपापला. त्या चार काठ्यांवर मी दीड हजार कमी करून घेतले आणि एकूण घासाघीस करत साडेसहा हजारांवर आणलं. अशा घड्याळांवर चारचा आकडा बहुतेक वेळा चार काठ्यांनीच लिहितात, ही तर जुन्या डायलची ओळखच, हे मला दोन महिन्यांनी कळलं. त्याहून वाईट गोष्ट त्याच रात्री अंथरुणात लक्षात आली. त्याने ते घड्याळ काच, काटे, मशीन आणि साखळीसकट काट्यावर ठेवलं होतं, आणि मी सगळ्याला चांदीच्या भावाने हो म्हणालो होतो. तेलाच्या दोन किलोंवरून तासभर भांडणारा मी!

बायकोला मी साडेसहाशे सांगितले. हे खोटं नाही. उच्चाराच्या वेळी एक शून्य कमी पडलं.

"साडेसहाशे? मग भावजींनाही एक आणा की, साठीला देता येईल," ती म्हणाली. मग घड्याळ उलटसुलट करून तिने निकाल दिला. "पण बंद घड्याळ घरात ठेवायचं नाही. चालू करा, नाहीतर बाहेर काढा." हा नियम ती रविवारी दुपारी मलाही लावते.

आता चांदी खरी की खोटी हे बघणं आलं. इंदूरचा सराफा दिवसभर सोनं विकतो आणि रात्री त्याच बंद दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस. मी मुद्दाम संधिकाळ गाठला, म्हणजे निकाल वाईट लागला तर सांत्वनाची सोय शेजारीच. ओळखीच्या सराफाने घड्याळाची कड कसोटीवर घासली, आम्लाचा थेंब टाकला, भिंग डोळ्याला लावून झाकणाच्या आत पाहिलं आणि बराच वेळ काही बोलेना.

"काय?" मी घाबरून विचारलं.

"कोंबडा आहे."

मला वाटलं, हा सराफी भाषेतला एखादा वाईट शब्द असावा. पण खरंच कोंबडा होता. तांदळाच्या कणीएवढा ठसा. भिंगातून पाहिल्यावर शेपटी फुलवून उभा असलेला पक्षी दिसला. स्विस लोक 1882 पासून हजारात आठशे भाग चांदी असलेल्या घड्याळावर हा रानकोंबडा उमटवत. त्याहून बऱ्या चांदीला अस्वल. म्हणजे आमचं घड्याळ अस्वलाच्या पंगतीतलं नव्हतं, पण चांदीचं होतं. आतलं दुसरं झाकण मात्र पितळेचं निघालं. साखळीकडे सराफाने नुसतं पाहिलं आणि ती बाजूला सारली. "जर्मन सिल्व्हर. तांबं, जस्त आणि निकेल. चांदीशी नातं फक्त नावाचं." आमच्याकडे काही नातेवाईक असे आहेत, त्यामुळे मला पटकन समजलं. बाहेर येऊन मी दोन प्लेट गराडू खाल्ले. एक आनंदाची, एक साखळीची.

दुरुस्तीसाठी आधी एका चकचकीत दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने घड्याळ हातात घेतलं, मागे पाहिलं, बाजूला पाहिलं आणि अतिशय आदराने विचारलं, "अंकल, याचा सेल कुठे टाकतात?"

तिथून निघालो तो एका उस्तादांचा पत्ता शोधत राजवाड्याजवळच्या एका गल्लीत पोहोचलो. जिन्याखाली साडेतीन फुटांचं दुकान. उस्तादांचं वय घड्याळापेक्षा थोडंसंच कमी असावं. ते मराठी बोलतात ती इंदुरी, म्हणजे क्रियापद मराठी आणि बाकी सगळं ज्याचं त्याला. त्यांनी डोळ्यात आयग्लास अडकवला, पातळ पात्याने मागचं झाकण टकदिशी उघडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "या, पेशंटचा केसपेपर दाखवतो."

झाकणाच्या आतल्या बाजूला, चांदीवर, सुईने ओरखडल्यासारखं बारीक काहीतरी लिहिलेलं होतं. एके ठिकाणी '27', एके ठिकाणी '34' आणि दोन इंग्रजी अक्षरं, त्याखाली उर्दूत काही, मग नुसतीच एक फुली. जुने कारागीर घड्याळ उघडलं की आत अशी आपली खूण आणि साल कोरून ठेवत. परत आलं तर आपण कधी हात लावला होता ते कळावं म्हणून. मी मोजल्या, सात खुणा होत्या. मला एकदम भरून आलं. शंभर वर्षं, सात कारागीर, केवढी परंपरा! उस्ताद म्हणाले, "म्हणजे सात वेळा बिघडलंय."

मग त्यांनी आजार सांगितला. मशीन चांगलं आहे, पंधरा ज्वेलचं आहे, बालकमानी शाबूत आहे. पण बॅलन्सचा स्टाफ एका टोकाला तुटलाय. बॅलन्स म्हणजे ते चाक, जे इकडून तिकडे डोलत राहतं आणि ज्याच्या प्रत्येक डोलण्यावर घड्याळाचा श्वास चालतो. त्याचा हा इवलासा आस. त्यांनी चिमट्यात धरून दाखवला. मला चिमटा दिसला.

"नवा मिळेल?"

"कंपनी बंद, मालक वर. मिळाला तर मुर्द्यातून काढावा लागेल." त्यांच्यामागे बिस्किटांचे डबे रचले होते. प्रत्येकात मेलेली घड्याळं. "शोधतो. दोन-तीन महिने लागतील."

दोन-तीन महिने! मी पोलोग्राउंडचा माणूस. जिथे दिवसाला हजारो बोल्ट निघतात तिथे एक काडी निघणार नाही? मी तो तुटका स्टाफ कागदाच्या पुडीत बांधून कारखान्यात नेला आणि आमच्या सगळ्यात जुन्या टर्नरपुढे उघडला. त्याने पुडी पाहिली, मला पाहिलं, पुन्हा पुडी पाहिली.

"यात काय आहे?"

"नीट बघ. याचं टोक एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं. असाच एक बनवायचाय."

"साहेब," तो शांतपणे म्हणाला, "आपल्याकडे माप सुतात चालतं. हा तर सुतातला धागासुद्धा नाही." आणि त्याच वेळी, इतकी वर्षं मी ज्याची तक्रार करत होतो तो शेडमधला पंखा नेमका चालू झाला.

पुढचा तासभर आम्ही सहाजण गुडघ्यांवर होतो. कोणी लोहचुंबक आणलं. ते फिरवल्यावर त्याला स्टाफ चिकटला असणारच, पण त्याबरोबर सव्वा किलो भुसाही चिकटला. शेवटी शेठ आले आणि "काय हरवलं?" म्हणून विचारलं तेव्हा सगळ्यांनी "बोल्ट" असं सांगितलं. त्यांना माझ्या इमानदारीचं फार कौतुक वाटलं, एका बोल्टासाठी माणूस गुडघ्यावर! शनिवारी तो सगळा भुसा नेहमीप्रमाणे भंगारवाल्याकडे गेला. म्हणजे ज्याच्याकडून मी घड्याळ चांदीच्या भावाने घेतलं, त्यालाच त्याचा मुख्य आस मी लोखंडाच्या भावाने परत विकला. तेलाचे दोन टक्के कापून.

उस्तादांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आयग्लास काढला. नुसत्या डोळ्यांनी मला पाहण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. तीन महिन्यांनी मार्चअखेरीस त्यांना एका डब्यात जुळणारा मुर्दा सापडला. त्याचा स्टाफ, सफाई, ऑइलिंग, नवी काच असं मिळून आठ हजार झाले. बायकोला आठशे. घड्याळ चालू झालं तेव्हा त्यांनी ते माझ्या कानाला लावलं आणि म्हणाले, "सेकंदाला पाच ठोके. तासाला अठरा हजार. दिवसाला चार लाख बत्तीस हजार. रोज सकाळी एकाच वेळी चावी द्यायची, तीस तास चालेल. पूर्ण भरेपर्यंत द्या, भीत भीत नको, जबरदस्ती नको." एवढ्या सूचना मला लग्नातही कोणी दिल्या नव्हत्या. जाता जाता त्यांनी झाकणात आपली खूण ओरखडली. आठवी.

खिशातलं घड्याळ घेतल्यावर माणसाला पहिला साक्षात्कार होतो तो असा, की आपल्याला खिसा नाही. शर्टाच्या खिशात ठेवलं तर वाकताना बाहेर येतं, पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर भांडतं. कारखान्यातला एक पोरगा म्हणाला, "सर, जीन्समध्ये मोठ्या खिशात तो छोटा खिसा असतो ना, तो यासाठीच असतो." हे खरं आहे. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कामगारांच्या विजारींना तो घड्याळासाठीच लावला गेला. पण माझ्या पोटाच्या घेरामुळे त्या खिशातून घड्याळ काढायचं तर आधी उभं राहावं लागे, मग श्वास आत घ्यावा लागे, तोवर विचारणाऱ्याची बस निघून जाई. शेवटी वेस्टकोट शिवायचं ठरलं. आमच्या शिंप्याने माप घेताना एवढंच सांगितलं, "वेस्टकोट खूप शिवलेत, काळजी नको." कोणासाठी शिवलेत हे विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही. मे महिन्यात, एकेचाळीस डिग्रीत, मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला तो मरून रंगाचा, सोनेरी पट्टीचा वेस्टकोट घालून मी कार्यालयाच्या दारात उभा राहिलो, आणि पाचव्या मिनिटाला एक गृहस्थ जवळ येऊन अदबीने म्हणाले, "मास्टर, वरात किती वाजता काढायची? बाकीची पार्टी कुठेय?"

वेळ विचारली होती. मी घड्याळ काढलं.

काढलं कसं तेही सांगतो. आरशासमोर आठ दिवस सराव केला होता. दोन बोटांनी साखळी ओढायची, घड्याळ तळव्यात पडू द्यायचं, अंगठ्याने झाकण उघडायचं, भुवई जराशी वर. झाकण उघडल्याचा तो 'टक' झाला आणि बँडवाल्याला शोधणारे गृहस्थ एकदम "सरकार, माफ करा" म्हणून मागे झाले. आसपासच्या चार माना वळल्या. त्यातली एक माझ्या मामेसासऱ्यांची होती.

"वा! कुठलं हो हे?"

"पोलोग्राउंडवर मिळालं."

"पोलोग्राउंडवर? कोणाला?"

माझ्या तोंडात तेव्हा जिलेबी होती. ती गिळेपर्यंत बायको म्हणाली, "यांच्या पणजोबांच्या वेळचं आहे." तीही खोटं बोलली नाही. पणजोबांच्या वेळचंच होतं ते. फक्त पणजोबांचं नव्हतं.

इंदूरच्या मराठी माणसापुढे 'पणजोबा' आणि 'पोलोग्राउंड' हे दोन शब्द एकाच वाक्यात आले की तिसरा शब्द आपोआप येतो, होळकर. इथे प्रत्येक घरात दरबारात उठबस असलेला एक पूर्वज असतोच. सगळे खरंच दरबारात असते तर राजवाड्याला सातच्या ऐवजी सतरा मजले बांधावे लागले असते. आमचे पणजोबा संस्थानच्या सायर खात्यात कारकून होते. जकात नाक्यावर बसून पोती मोजायचे. घोड्याशी त्यांचा संबंध एवढाच, की टांग्यात बसले की उतरेपर्यंत डोळे मिटून रामरक्षा म्हणायचे. पण पंगत उठायच्या आत माझ्या आतेभावाने, ज्याने हे घड्याळ जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं, चार जणांना सांगून टाकलं की लहानपणी आत्याच्या कपाटात त्याने याच्याशी खेळल्याचं त्याला लख्ख आठवतंय. आणि आइस्क्रीम येईपर्यंत घोडा आला. पोलोचा सामना ऐन रंगात असताना महाराजांचा घोडा उधळला. पांढराशुभ्र. पणजोबांनी झेप घेऊन लगाम धरला. महाराजांनी जागच्या जागी कमरेचं घड्याळ काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

"कोणते महाराज?" मीच विचारलं. मलाही उत्सुकता वाटू लागली होती.

यावर दोन तट पडले. मामेसासरे म्हणाले, तुकोजीराव, 1926 साली गादी सोडली ते. आतेभाऊ म्हणाला, छे, यशवंतराव. पुरावा? त्याने साखळी वर केली. "ही बघा, जर्मन सिल्व्हर. माणिकबाग राजवाडा कोणी बांधला? जर्मन माणसाने, मुथेसियसने. मग साखळी जर्मन येणार नाही तर काय मराठी येणार?" या पुराव्यापुढे सगळे गप्प झाले. भिंगातून कोंबडाही पाहण्यात आला. तो मोर असल्याचं एकमताने ठरलं.

मी खरं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मी म्हणालो, "अहो, ते मी पोलोग्राउंडवरच्या भंगारात..." मामेसासऱ्यांनी माझा हात हातात घेतला. "तेच म्हणतो मी. संस्थान गेलं, सगळ्याचं भंगार झालं."

घड्याळाची कीर्ती कारखान्यात माझ्याआधी पोहोचली. सोमवारी ग्राइंडिंगच्या पोरांनी फोटो काढायचा हट्ट धरला. चांगल्या प्रकाशात, गुळगुळीत चकचकीत पृष्ठभागावर ठेवून. आमच्या शेडमध्ये गुळगुळीत चकचकीत पृष्ठभाग एकच आहे, सरफेस ग्राइंडरचं मॅग्नेटिक टेबल. लोखंडाचा गट्टू हलू नये म्हणून ते चुंबकाने धरून ठेवतं. महाराजांचं घड्याळ त्याने असं धरलं, की दोघांना मिळून ते सोडवावं लागलं.

त्या दिवशी घड्याळ चौखूर उधळलं. पाचला घरी निघालो तेव्हा चौकात समजलं की अजून साडेतीन वाजलेत. परत जायला लाज वाटली, म्हणून दीड तास चहाच्या टपरीवर बसलो. उस्तादांनी काचेवर छोटं होकायंत्र ठेवलं, त्याची सुई वेड्यासारखी फिरली. बालकमानीचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटले, की कमान आखूड होते आणि घड्याळ पळतं. त्यांनी ते एका तारेच्या वेटोळ्यातून हळूच मागे ओढलं, तीनशे रुपये घेतले आणि विचारलं, "चुंबकावर कोणी ठेवलं?" मी म्हणालो, "पोरांनी." पोरांनीच ठेवलं होतं. मी फक्त भुवई जराशी वर करून बाजूला उभा होतो.

यानंतर ते शांत झालं. जरा जास्तच शांत. सकाळी लावावं, तर दुसऱ्या सकाळी बरोब्बर सव्वीस मिनिटं मागे. पुन्हा उस्ताद. त्यांनी काटा पुढेमागे करून पाहिला, आडवं ठेवून पाहिलं, उभं टांगून पाहिलं आणि शेवटी म्हणाले, "चार लाख बत्तीस हजार ठोक्यांत आठएक हजार कमी पडतात. शेकड्याला दोनसुद्धा नाही. तुमच्या कारखान्यात किती माल रिजेक्ट होतो?"

आमच्याकडे चार टक्के होतो. मी घड्याळ खिशात घातलं.

त्याचं खरं निदान केलं ते माझ्या काकांनी. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, त्यामुळे पृथ्वीवर कुठेही काही बिघडलं की त्यांना आनंद होतो. "सव्वीस? नक्की सव्वीस?" म्हणून त्यांनी कागद-पेन्सिल घेतली. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळची. इंदूर पावणेशहात्तरच्या जरासं पुढे. फरक साडेसहा अंशांहून थोडा जास्त, अंशाला चार मिनिटं. "सव्वीस मिनिटं! अरे, घड्याळ मागे नाहीये, ते इंदूरची खरी वेळ दाखवतंय, सूर्याची! 1906 सालापासून साडेपाच तासांची वेळ सगळ्यांवर लादली. मुंबईने तर आपली वेळ 1955 पर्यंत सोडली नव्हती. तुझ्या घड्याळाने अजून सोडलेली नाही." मग त्यांचा आवाज चढला. "जुन्या ज्योतिष्यांचं मूळ रेखावृत्त कुठून जायचं? उज्जैनवरून. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर साक्षात महाकाल बसलाय, आणि आपण वेळ पाळतो मिर्झापूरची!"

हे घड्याळ रोज रोज सव्वीस मिनिटं मागे जातं, म्हणजे तीन दिवस लावलं नाही तर ते उज्जैन ओलांडून गुजरातपलीकडे समुद्रात जातं, हे मी त्यांना सांगितलं नाही. वडीलधारी माणसं.

उलट मीच हा सिद्धांत कारखान्यात वापरून पाहिला. एका सकाळी नऊच्या जागी नऊ सव्वीसला पोहोचलो, झाकण टक केलं आणि शेठना शांतपणे सांगितलं की इंदूरच्या सूर्याप्रमाणे आत्ता कुठे नऊ होतायत. शेठ म्हणाले, "वा, छान. होळकरांच्या वेळेने चालायचं तर पगारही होळकरांच्या वेळचाच लावू का?"

तेव्हापासून मी मनगटावर साधं घड्याळ बांधतो आणि खिशात हे ठेवतो. वेळ मनगटावर चोरून बघतो, मग साखळी ओढून, झाकण उघडून, लोकांना सांगतो.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. परवाच्या शनिवारी भुसा तोलताना भंगारवाला तेलाबद्दल काही बोलला नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. शंभर किलोचे पूर्ण शंभर किलो लिहून त्याने मला बाजूला घेतलं.

"भिया, पोरं सांगत होती. ते घड्याळ महाराजांचं होतं म्हणे."

"अरे, तूच तर दिलंस मला!"

"तेच तर. माझ्या काट्यावर उतरलं, आणि मलाच खबर नाही." त्याच्या डोळ्यांत तक्रार नव्हती, अभिमान होता. मग त्याने गल्ल्याखालून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे उलगडलं. घोड्याची नाल. गंजलेली, एका बाजूने झिजलेली, तीन खिळे अजून अडकलेले.

"खास तुमच्यासाठी ठेवलीय. त्याच घोड्याची आहे."

"कोणत्या?"

"तोच, जो तुमच्या पणजोबांनी धरला होता. काळ्या घोड्याची नाल, दारावर लावा."

"काळा?" मी जवळजवळ ओरडलो. "तो घोडा पांढरा होता!"

"घोडा पांढराच होता, भिया. नाल काळी आहे."

मी नाल हातात घेतली. चांगली वजनदार होती. बोटाने गंज खरवडून पाहिला, खिळे मोजले, काट्यावर ठेवून पाहिली. मग झिजलेल्या बाजूवर बोट ठेवून म्हणालो, "इथे तुटलीय. कितीला देतोस?"